उंबरठ्यावरची नोटीस : चावडीपासून लॉगिनपर्यंत



आज आपण रोडपालीत बोलतो आहोत, म्हणून सुरुवातही इथूनच करू. आपल्या एका बाजूला कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार आहे आणि दुसऱ्या बाजूला तळोज्याची एमआयडीसी. या पट्ट्यातल्या गोदामांत, कारखान्यांत, बँकांत रोज सकाळी नऊ-साडेनऊला संगणक सुरू होतात. पासवर्ड टाकायच्या आधी बऱ्याच ठिकाणी पडद्यावर एक चौकट येते. चौकटीत इंग्रजी मजकूर असतो. त्याचा सारांश असा : ही यंत्रणा फक्त अधिकृत व्यक्तींसाठी आहे, इथल्या तुमच्या कामावर देखरेख होऊ शकते, अनधिकृत वापरावर कायदेशीर कारवाई होईल, आणि तुम्ही पुढे गेलात म्हणजे हे सगळं तुम्हाला मान्य आहे. खाली एकच बटण असतं, 'ओके'.

हा मजकूर किती जण वाचतात? तुमच्या चेहऱ्यावरच्या हसण्यातच उत्तर आहे. वर्षानुवर्षं रोज त्या बटणावर बोट ठेवणाऱ्या माणसाला विचारा, चौकटीत काय लिहिलंय? तो म्हणेल, 'काहीतरी लीगल आहे, सर.' पण उद्या त्याच माणसाची खातेचौकशी लागली तर पहिला कागद पुढे येतो तो हाच : तुम्हाला रोज सूचना दिली होती, तुम्ही रोज ती मान्य केली होती. न वाचलेल्या चार ओळी माणसाची नोकरी घालवू शकतात. म्हणून आज आपण या चौकटीचा इतिहास पाहणार आहोत. ती कुठून आली, कोणासाठी आली, आणि 'सांगितलं' आणि 'कळलं' या दोन क्रियापदांमधलं अंतर आपल्या समाजाने वेळोवेळी कसं हाताळलं, हा आपला विषय.

सुरुवात जरा लांबून करू. उत्तर कोकणातल्या सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला, १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. सोपारा हे तेव्हाचं मोठं बंदर. बंदरात उतरणाऱ्या माणसापुढे राजाचा शब्द दगडावर कोरून उभा केलेला होता. पण लोकांना वाचता येत नाही हे राजाला ठाऊक होतं. ओडिशातल्या धौली आणि जौगड इथल्या लेखांत त्याची आज्ञाच आहे की हा मजकूर ठरावीक तिथींना वाचून दाखवावा, आणि प्रसंगी ऐकणारा एकच असला तरी वाचून दाखवावा. हा 'एकच असला तरी' फार महत्त्वाचा आहे, बरं का. दगड कोरला म्हणजे आपलं कर्तव्य संपलं, असं त्या लेखाचा कर्ता मानत नव्हता.

दुसरं उदाहरण अगदी आपल्या घरचं. शिलाहारांच्या आणि यादवांच्या काळातले गधेगाळ तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. उभा दगड, वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर, आणि खाली गाढव आणि स्त्री यांचं अभद्र शिल्प. अर्थ असा की चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान चालेल, आणि जो ते मोडेल त्याच्या आईची अशी गत होईल. गुन्हा एकाचा आणि विटंबना त्याच्या आईची, ही त्या काळाची दृष्टी. ती आपण स्वीकारण्याचं कारण नाही. पण सूचना म्हणून या दगडाकडे बघा. अक्षर येणाऱ्याला मजकूर आहे, न येणाऱ्याला चित्र आहे. काही गधेगाळांवर तर मजकूरच नाही, फक्त चित्र आहे. लावणाऱ्याने वाचणाऱ्याची कुवत आधी विचारात घेतली होती.

आता ब्रिटिश अमदानीत या. छापील गॅझेट आलं, कचेऱ्या आल्या, कलमं आली. सूचनेचं एक नवं शास्त्रच तयार झालं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात 'नोटीस' या शब्दाची व्याख्या आहे. एखादी गोष्ट तुम्हाला प्रत्यक्ष ठाऊक असेल तर नोटीस झालीच. पण तुम्ही मुद्दाम चौकशी टाळली, किंवा घोर हयगय केली, आणि ती केली नसती तर तुम्हाला ते कळलं असतं, अशा वेळीही तुम्हाला नोटीस होती असंच धरायचं. म्हणजे जे तुम्हाला ठाऊक नाही ते ठाऊक होतं असं मानायचं. आमच्यासारख्या तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याला इथे ठेच लागते. ज्ञान 'मानलेलं' कसं असेल? पण व्यवहार त्याशिवाय चालत नाही, हेही खरं. नाहीतर प्रत्येक जण हात वर करून म्हणेल, मला माहीतच नव्हतं.

तरीही त्या कायद्याने कानांचा रस्ता सोडला नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत स्थावर मालमत्तेच्या जप्तीचा हुकूम त्या मालमत्तेजवळ ढोल वाजवून किंवा तिथल्या रूढ पद्धतीने जाहीर करावा असं लिहिलं आहे. म्हणजे आपली दवंडी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये तर 'चावडी' हा आपला शब्द कायद्याच्या इंग्रजीत जसाच्या तसा बसला आहे. कलम १५० सांगतं की तलाठ्याने फेरफाराची नोंद केली की तिची पूर्ण नक्कल चावडीत ठळक जागी लावायची आणि संबंधितांना लेखीही कळवायचं. चावडीतली नक्कल सगळ्या गावासाठी, लेखी कागद त्या माणसासाठी. आज भूमी अभिलेख विभागाने फेरफाराच्या नोटिसा संगणकावर आणल्या आहेत, आणि त्या सेवेचं नावही 'आपली चावडी' असंच आहे. नाव टिकलं. पण चावडीवर चार माणसं बसलेली असायची, त्यातला एक जण वाचायचा आणि तिघं ऐकायचे. ते पडद्यावर कसं आणायचं, हा प्रश्न उरतोच.

आणि नोटीस म्हटलं की रोडपालीच्या माणसाला भूसंपादन आठवणार. आपल्याकडे तेव्हा १८९४ चा कायदा लागू होता. त्याच्या कलम ४ प्रमाणे सरकारला जमीन हवी असेल तर अधिसूचना गॅझेटात छापायची आणि तिचा सारांश त्या परिसरात सोयीच्या ठिकाणी जाहीर करायचा. १९७० च्या फेब्रुवारीत नव्या मुंबईसाठी ८६ गावांच्या जमिनींची अधिसूचना निघाली, मार्चमध्ये सिडको स्थापन झाली, आणि १९७३ मध्ये आणखी ९ गावं धरून आकडा ९५ झाला. त्या ९५ गावांत आपलं रोडपाली आहे. तेव्हा हा जिल्हा कुलाबा होता. गॅझेट काही भाताच्या खाचरात आणि मिठागरात जात नाही. म्हणूनच कायद्याने 'परिसरात जाहीर करा' असं दुसरं पाऊल सांगितलं होतं.

हे दुसरं पाऊल किती महत्त्वाचं, ते सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये राजस्थानच्या खूबचंद खटल्यात सांगितलं. तिथला भूसंपादन कायदा याच धर्तीचा होता. गॅझेटात अधिसूचना छापली होती, पण जागेवर जाहीर सूचना दिली नव्हती. न्यायालय म्हणालं, ती सूचना बंधनकारक आहे, तिच्याविना पुढचं संपादन टिकत नाही. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते सुब्बा राव. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

१९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात मोठं आंदोलन झालं, गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. ते भांडण मोबदल्याचं आणि वाट्याचं होतं, नोटिशीचं नव्हतं. पण त्यातून एक गोष्ट शिकता येते. नोटीस रीतसर लागली म्हणून लोकांनी मान्यता दिली असा अर्थ होत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संसदेने १८९४ चा कायदा दुरुस्त केला. अधिसूचना दोन दैनिकांत द्यायची आणि त्यातलं किमान एक प्रादेशिक भाषेतलं असायला हवं, असं ठरलं. या दोन घटनांची एकीला एक जोडून गाठ मारायची नाही, पण पुढे पाहा : २०१३ च्या नव्या कायद्यात स्थानिक भाषा, ग्रामपंचायत, तहसील कचेरी आणि संकेतस्थळ, चारही आले. एकशे एकोणीस वर्षांत 'सोयीच्या ठिकाणी' या दोन शब्दांना भाषा मिळाली.

आता दोन खटले सांगतो. पहिला १९५१ चा, हरला विरुद्ध राजस्थान. जयपूर संस्थानात १९२३ साली मंत्रिमंडळाने अफूविषयी एक कायदा ठराव करून संमत केला, पण तो कधी प्रसिद्धच केला नाही. त्याखाली एका माणसाला पन्नास रुपये दंड झाला. रक्कम केवढीशी! पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस, जे त्याआधी आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, त्यांनी निकाल दिला की बंद खोलीत केलेला आणि लोकांना न सांगितलेला कायदा लोकांना बांधू शकत नाही. दंड रद्द झाला.

दुसरा आपल्या मुंबईचा, महाराष्ट्र राज्य विरुद्ध मायर हान्स जॉर्ज. २७ नोव्हेंबर १९६२ ला एक जर्मन प्रवासी झुरिचहून मनिलाकडे निघाला. २८ ला पहाटे विमान सांताक्रूझला थांबलं. तो विमानातून उतरलाही नव्हता. कस्टम्सने तपासलं तर जाकिटात ३४ किलो सोनं. रिझर्व्ह बँकेची अट होती की असं सोनं विमानाच्या मालयादीत दाखवलेलं असलं पाहिजे. ही अट गॅझेटात आली होती २४ नोव्हेंबरला, म्हणजे अवघ्या चार दिवसांपूर्वी. झुरिचमधल्या माणसाला भारताचं गॅझेट कुठून कळणार? मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये बहुमताने पुन्हा दोषी धरलं : भारतात नेहमीच्या रीतीने प्रसिद्ध झालं, तेवढं पुरे. शिक्षा मात्र भोगून झाली होती तेवढीच ठेवली. बहुमताशी असहमत होते तेच सुब्बा राव. त्यांचं म्हणणं, माहीत नसताना गुन्ह्याची बुद्धी आली कुठून?

हा खटला विमानाचा असला तरी प्रश्न लॉगिनचाच आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. कोणीतरी एका हद्दीत शिरतो. हद्दीचा नियम त्याला ठाऊक होता का? आणि तो ठाऊक करून देण्याची जबाबदारी कोणाची?

आता संगणकाकडे वळू. आमच्या वेळी महाविद्यालयात संगणक कक्ष नवा नवा झाला तेव्हा दारावर एकच पाटी होती, 'पादत्राणे बाहेर काढावीत'. खोलीत वातानुकूलन, जमिनीवर गालिचा, आणि दाराशी शिपाई. दार होतं म्हणून आत-बाहेर कळत होतं. तारेवरून, फोनवरून संगणकात शिरता येऊ लागलं आणि दारच नाहीसं झालं. मग बाहेर कुठे संपतं आणि आत कुठे सुरू होतं, हे शब्दांनी सांगावं लागलं.

इंग्लंडमध्ये प्रेस्टेल नावाची ब्रिटिश टेलिकॉमची सेवा होती. १९८० च्या दशकाच्या मध्याला दोघे जण त्यात शिरले आणि थेट राणीच्या पतीच्या टपालपेटीपर्यंत पोचले. खटला भरायला योग्य कायदाच नव्हता, म्हणून बनावट दस्तऐवजांचा कायदा लावला. तो लागू होत नाही असं म्हणून हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८८ मध्ये त्यांची सुटका कायम केली. त्यानंतर १९९० चा संगणक गैरवापर कायदा आला. त्याच्या पहिल्याच कलमात अट आहे : प्रवेश अनधिकृत असला पाहिजे, आणि तो अनधिकृत आहे हे शिरणाऱ्याला त्या वेळी ठाऊक असलं पाहिजे. सुब्बा रावांची अट इथे उभी राहिली. आणि 'ठाऊक होतं' हे सिद्ध करायचा सोपा उपाय म्हणजे दारावर पाटी.

संगणकवाल्यांच्या दुनियेत एक कथा फिरते. कुठल्याशा यंत्रणेच्या पहिल्या पडद्यावर 'वेलकम' लिहिलं होतं म्हणून चोर सुटला, कारण त्याचं स्वागतच केलेलं होतं! कथा मजेदार आहे, पण त्या खटल्याचं नाव कोणी सांगत नाही. खरा कागद वेगळाच आहे. अमेरिकेत यंत्रणा सांभाळणारे लोक घुसखोर पकडायला त्याची एकेक कळ नोंदवून ठेवत. तिथल्या न्याय विभागाने सांगितलं की अशी नोंद दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकण्याविरुद्धच्या कायद्यात अडकू शकते. म्हणून डिसेंबर १९९२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सर्ट या केंद्राने सगळ्यांना सल्ला दिला : लॉगिनच्या वेळीच फलक लावा, की इथे देखरेख होते आणि वापर म्हणजे तिला संमती.

नीट ऐका, कारण आजच्या बोलण्याचा गाभा इथे आहे. त्या फलकाने पहिलं संरक्षण दिलं ते पाहणाऱ्याला. चोर काही पाटी वाचून परत फिरत नाही. पाटी होती, म्हणून पाहणारा गुन्हेगार ठरत नाही. आणि चोराबरोबर रोज येणारा प्रामाणिक कारकूनही त्याच पाटीखालून जातो. चोर वर्षात एखादा, कारकून रोजचा. त्या ओळींचा रोजचा भार पडतो तो कारकुनावर.

पुढे हे यंत्रातच रुजलं. युनिक्समध्ये लॉगिनच्या आधी दिसणारा मजकूर वेगळ्या फाइलीत आणि लॉगिननंतर दिसणारा 'आजचा निरोप' वेगळ्या फाइलीत असतो. कायद्याचा मजकूर आधीच्या फाइलीत हवा, कारण उंबरठा ओलांडल्यावर सांगितलेला नियम उशिरा आलेला असतो. विंडोज एनटीमध्ये तर या नोटिशीसाठी शीर्षकाची एक आणि मजकुराची एक अशा दोन जागाच राखून ठेवल्या. मालकाने फक्त भरायचं. आणि बहुतेकांनी भरलं काय? दुसऱ्या देशातल्या कायद्यासाठी लिहिलेलं वाक्य, उतरवून घेतलेलं.

आपला माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० ला लागू झाला. त्याचं कलम ४३ म्हणतं, मालकाच्या किंवा ताबा असलेल्याच्या परवानगीशिवाय संगणकात शिरलात तर भरपाई द्यावी लागेल. कलम ६६ नुसार तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर तो गुन्हा. कलम ७० खाली सरकार एखादी यंत्रणा गॅझेटातून 'संरक्षित' ठरवू शकतं, आणि तिथे विनापरवाना शिरण्याला दहा वर्षांपर्यंत कैद आहे. इथे परवानगीची हद्द दाखवायला चौकट उपयोगी पडते, यात वाद नाही. शिवाय २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या आहेत. म्हणजे देखरेख ही नुसती धमकी नाही. नोंद होते, आणि ती राहते.

तेव्हा त्या एका चौकटीत तीन वेगळी कामं कोंबलेली आहेत. पहिलं, हद्द सांगणं : ही जागा खाजगी आहे. दुसरं, माहिती देणं : इथे पाहिलं जातं. तिसरं, संमती घेणं : पुढे आलात म्हणजे मान्य. पहिलं काम पाटी चांगलं करते. दुसरं अर्धवट करते. तिसरं करतच नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

का, ते सांगतो. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलं आहे, पण नुसता शब्द उच्चारला किंवा लिहिला म्हणून ज्ञान होत नाही. पदांना एकमेकांची अपेक्षा हवी, अर्थ जुळायला हवा, पदं जवळ हवीत, बोलणाऱ्याचं तात्पर्य कळायला हवं. आणि हे सगळं घडतं ते ऐकणाऱ्याच्या ठिकाणी. तळोज्याच्या गोदामात आवक-जावक भरणाऱ्या मुलापुढे इंग्रजी कायद्याचा परिच्छेद ठेवला तर शाब्दबोध होत नाही, बटण दाबलं जातं. आणि जिथे बोध नाही तिथे संमती कशाला म्हणायची? शिवाय नकाराचं बटणच नसतं. घरी जाण्याखेरीज दुसरा पर्याय नसलेला होकार, त्याला आपण होकार म्हणत नाही.

कोणी म्हणेल, सर, आता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आलाय ना. आलाय, आणि त्यात एक मोलाची गोष्ट आहे. संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल. म्हणजे मराठीतही. पण पुढचं कलम वाचा. नोकरीच्या कारणासाठी, किंवा मालकाचं नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायची असेल तर संमतीची गरजच नाही. संमती मागायची नाही, म्हणून तिच्याबरोबरच्या सूचनेचंही बंधन नाही. म्हणजे बाजारातल्या ग्राहकाला मराठी नोटिशीचा हक्क आहे, आणि त्याच दुकानातल्या नोकराला त्या कलमाखाली तो नाही.

मग काय करावं? नोटीस काढून टाका असं आम्ही म्हणत नाही. हद्द सांगितलीच पाहिजे. रुग्णालयाच्या, बँकेच्या, पालिकेच्या संगणकात लोकांचं आयुष्य साठवलेलं असतं, तिथे पाटी हवीच. पण चौकटीतून 'तुम्हाला मान्य आहे' हे शब्द काढावेत. ज्याची कायद्याला गरज नाही आणि जे खरंही नाही, ते रोज वदवून घेऊ नये. त्याऐवजी सरळ मराठीत चार ओळी लिहाव्यात : हा संगणक कोणाचा आहे, यावर काय काय नोंदलं जातं, ती नोंद कोण पाहतं आणि किती दिवस ठेवतं, आणि शंका असेल तर कोणाला विचारायचं. कामावर रुजू होणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी त्या चार ओळी कोणीतरी समोर बसून वाचून दाखवाव्यात, त्याचे प्रश्न ऐकून घ्यावेत. याला पाच मिनिटं लागतात.

भूसंपादनाच्या कायद्यात 'सोयीच्या ठिकाणी' या शब्दांपासून 'स्थानिक भाषेत' या शब्दांपर्यंत यायला आपल्याला ११९ वर्षं लागली, आणि मधल्या काळात ज्यांना कागद कळला नाही त्यांनी त्याची किंमत मोजली. या पट्ट्यातल्या घरांना ते वेगळं सांगायला नको. त्याच घरांतली नातवंडं आज त्या चौकटीपुढे बसतात. त्यांच्या कचेरीत उद्या जाऊन एवढंच विचारा : ही नोटीस मराठीत मिळेल का?